पास झालेल्या कुंदाताई

कुंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका ड्रायव्हरशी भांडत होत्या. शारजातल्या आमच्या हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये, जुलैच्या भर दुपारी. ड्रायव्हर कुठल्याशा बांधकाम कंपनीचा होता आणि परांचीवरून पडलेल्या एका कामगाराला कॅम्पवर परत न्यायला आला होता. कामगार व्हीलचेअरमध्ये बसलेला, एका पायाला प्लास्टर आणि दुसरा पाय अनवाणी. पडला तेव्हा त्याच्या चपला साइटवरच राहिल्या होत्या.

"पहले चप्पल लाओ, फिर आदमी ले जाओ," कुंदाताई म्हणत होत्या.

"मॅडम, गाडी में एसी है. कॅम्प में चप्पल मिल जाएगा."

"गाडी में एसी है. गाडी से कमरे तक जमीन में भी एसी है क्या? खलास. यल्ला, जाओ."

ड्रायव्हर कुरकुरत औद्योगिक क्षेत्राकडे परत गेला. तो चपला घेऊन येईपर्यंत कुंदाताई त्या माणसाशेजारच्या बाकावर बसून राहिल्या. मी त्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. हातात फाइल, गळ्यात नवी ओढणी, आणि काय चाललंय ते काहीच न कळल्याचा चेहरा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवीन का तू? ये, बस की. ह्याच्या चपला आल्या की तुझं बघू."

ते शहाण्णव साल होतं. मी सव्वीस वर्षांची, मुंबईहून समाजकार्याची पदवी घेऊन नवऱ्यापाठोपाठ आलेली. कुंदाताई पन्नाशीला टेकलेल्या. मूळच्या कोल्हापूरच्या. उंची बेताची, आवाज मोठा, अबोली किंवा राखाडी रंगाची सुती साडी आणि तिच्यावर हॉस्पिटलचा पांढरा कोट. त्या आमच्या विभागातल्या सर्वांत जुन्या समाजसेविका होत्या. त्यांचे यजमान हमरिया बंदरावरच्या एका कंपनीत हिशेब सांभाळायचे. ते हार्ट अटॅकने गेले, तेव्हापासून कुंदाताई आणि त्यांची मुलगी मैथिली दोघीच शारजातल्या रोला भागात एका छोट्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. मैथिलीचा व्हिसा आईच्या नोकरीवर, खास परवानगीने मिळालेला. नोकरी गेली तर दोघींना सामान बांधावं लागणार, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी शिकले ते सगळं त्यांच्या हाताखाली. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "ताई, बेड अकराचा पेशंट फार रेझिस्टंट आहे."

"हे मराठीत सांग बघू."

"म्हणजे... तो माझ्याशी बोलत नाही."

"हां. मग असं म्हण की. बोलत नाही म्हटलं की का बोलत नाही ते विचारावंसं वाटतंय. रेझिस्टंट म्हटलं की विषय संपला."

"हे मराठीत सांग" हे त्यांचं नेहमीचं. केरळच्या नर्सेसनासुद्धा त्या हिंदीतून हेच सांगायच्या, "मलयालम में सोच के बोलो." आणि खरंच, माझी निम्मी निदानं मराठीत सांगताना गळून पडायची. तो माणूस माझ्याशी बोलत नव्हता, कारण त्याचा चष्मा फुटला होता आणि मी त्याच्या हातात एक कागद ठेवून 'वाचा' म्हणाले होते.

त्यांच्या बरोबरीची दुसरी होती अमना. सुदानची, त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, उंच, सावकाश चालणारी. अमनाला अरबी, इंग्रजी आणि कामापुरती हिंदी यायची. आखाती घरांतल्या आज्या, येमेनचे मच्छीमार, घरकाम करणाऱ्या मुली, सगळे तिला वाटून दिलेले असत. दोघी एकमेकींना "या उख्ती" म्हणत. बहिणी गं. दुपारी एकाच टेबलावर डबे उघडायच्या आणि अमनाला कुंदाताईंचा तिखट खर्डा सोसायचा, याचं आम्हाला फार नवल वाटे.

नव्व्याण्णवच्या सुमारास हॉस्पिटल विकलं गेलं. शारजा, दुबई आणि मुसफ्फा अशी तिन्ही ठिकाणची हॉस्पिटलं एका नव्या मालकाच्या हाती आली. नवे संचालक आले डॉ. हेविट. इंग्रज, उंच, अतिशय सभ्य. त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक समाजसेवकाकडे परवाना हवा. परदेशातली एक संस्था परीक्षा घेईल. कम्प्युटरवर, चार पर्यायांतून एक निवडायचा. वर्षभरात तीन संधी, आणि तिसऱ्यांदाही नापास होणाऱ्याचा करार संपेल. ते हे सगळं हसतमुखाने सांगत होते आणि मी अमनाकडे पाहत होते. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

पहिली परीक्षा दुबईत झाली. तिन्ही हॉस्पिटलचे मिळून पंधरा-वीस जण होतो. निकाल लागला तेव्हा नोटीस बोर्डासमोर गर्दी झाली. मी पास होते. क्लेअर नावाची एक इंग्रज मुलगी माझ्याच वयाची होती, तीही पास. तिच्याबरोबरच्या दोघी गोऱ्या मुली पास. कुंदाताई नापास. अमना नापास. मुसफ्फ्याहून आलेली एक फिलिपिनो बाई आणि एक इजिप्शियन गृहस्थ, दोघंही मुरलेले, नापास.

मी कुंदाताईंच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. त्यांनीच माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाल्या, "बोर्डाकडं काय बघत राहिलीस? बोर्डाखाली उभ्या असलेल्या माणसांकडं बघ. कोण हसतंय आणि कोण गप्प आहे, ते बघ की."

मी पाहिलं. गप्प उभे असलेल्यांत एकही जण चाळिशीच्या आतला नव्हता. एकही गोरा नव्हता.

त्यानंतर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. सरावाचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी प्रश्न वाचायचे, त्या उत्तर द्यायच्या, आणि बहुतेक वेळा चुकायच्या. एक प्रश्न मला अजून आठवतो. बत्तीस वर्षांचा एक माणूस, यंत्रात हाताची बोटं गेलीत, घरच्यांना कळू नये म्हणतो. त्याचा भाऊ येऊन तुम्हाला विचारतो, त्याला काय झालंय? तुम्ही सर्वांत आधी काय कराल?

"भाऊ कुठं राहतो?" कुंदाताईंनी विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"दिलेलं नाही म्हणजे? त्याच्याच खोलीत, वरच्या बंकवर झोपत असेल तर त्याला काय दिसत नाही होय? आज रात्री ह्याच्या शर्टाची बटणं कोण लावणार आहे?"

"ताई, पर्याय चार आहेत. माहिती द्यायला नकार देणे, हे बरोबर."

"नकार द्यायचा आणि?"

"आणि काही नाही. पुढचा प्रश्न."

त्या पुस्तकाकडे बघत राहायच्या. त्यांची खरी अडचण इंग्रजीची नव्हती, इंग्रजी त्यांचं चांगलं होतं. प्रश्नातला माणूस त्यांना दिसू लागायचा. तो कुठला, त्याच्यामागे कोण आहे, तो जेवला का, हे कळल्याशिवाय त्यांचा हात पुढे जायचा नाही. पडद्यावरचं घड्याळ मात्र पुढे जात राहायचं. परीक्षेत त्यांचे कितीतरी प्रश्न सोडवायचेच राहून गेले होते.

आतल्या खोलीत मैथिली बारावीचा अभ्यास करत असे. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "आई, जस्ट मार्क व्हॉट दे वॉन्ट, ना! इट्स ओन्ली अ टेस्ट." आणि धाडकन दार लावून घेतलं. कुंदाताईंनी मान वर केली नाही. त्यांच्या हातातली पेन्सिल मात्र मोडली.

दुसऱ्या परीक्षेत त्या अगदी थोडक्यात राहिल्या. अमनाही राहिली. आता एकच संधी उरली, आणि अमनाने तर ती घेणारच नाही असं सांगून टाकलं. "मी म्हातारी झाले, या उख्ती. माझं डोकं त्या मशीनसमोर बंद पडतं. इन्शाल्ला, दुसरं काहीतरी मिळेल." तिच्या देशात लढाई चालू होती आणि परत जायला घर असं उरलेलं नव्हतं. दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कुंदाताई डॉ. हेविटना भेटायला गेल्या. मला म्हणाल्या, "तू पास झालेली आहेस. तू सोबत असलीस तर मी रडगाणं गातेय असं त्याला वाटणार नाही." घरी माझ्या नवऱ्याने मला बजावलं होतं, "नीला, यात पडू नकोस, आपलाही व्हिसा आहे." मी तरीही गेले.

कुंदाताईंनी सरळ विषयाला हात घातला. "सर, दोनदा परीक्षा झाली. नापास झालेले सगळे चाळिशीपुढचे आहेत आणि सगळे काळे-सावळे आहेत. आम्ही सगळेच एकदम कामाला नालायक झालो का? हे कुणी तपासून पाहिलं का?"

हेविट शांत होते. "कुंदा, परीक्षा सगळ्यांना एकच आहे. कम्प्युटरला तुमचं वय दिसत नाही, तुमचा रंग दिसत नाही."

"त्याला पेशंटसुद्धा दिसत नाही, सर."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पेन बंद केलं आणि मृदू आवाजात म्हणाले, "तुमची एक संधी शिल्लक आहे. ती वापरा, असा माझा सल्ला आहे. तुमच्या मुलीची बारावी आहे ना?"

बाहेर आल्यावर कुंदाताई कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मैथिलीचं नाव त्यानं का घेतलं गं?" हे धमकी म्हणून होतं की काळजी म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या परीक्षेच्या तयारीला क्लेअर आली. ती आपणहून आली, हे सांगायला हवं. जमिनीवर मांडी घालून बसली, पोहे खाल्ले, आणि दोन-तीन शुक्रवार कुंदाताईंची उत्तरं ऐकत राहिली. बोटं गेलेल्या त्या माणसाचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा कुंदाताईंनी तिला विचारलं, "तू असा माणूस कधी पाहिलायस का?"

क्लेअर गोंधळली. "नाही. पण कुठलं उत्तर बरोबर वाटतं ते मला वाचल्याबरोबर कळतं. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. शाळेत, टीव्हीवर, माझी आईसुद्धा." मग तिचा चेहरा लाल झाला. "हे फेअर नाही, हो ना?"

"नाही," कुंदाताई म्हणाल्या. "पण तुझी त्यात काय चूक? मला तुझी आई कशी बोलते ते सांग."

आणि खरंच त्यांनी तसाच अभ्यास केला. प्रश्न वाचला की त्या स्वतःलाच विचारायच्या, क्लेअरची आई काय म्हणेल? उत्तरं बरोबर येऊ लागली. भराभर येऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या उत्तर देताना पूर्वीसारख्या थांबत नव्हत्या, 'हा कुठला गं?' असं विचारत नव्हत्या.

त्या पास झाल्या. चांगल्या गुणांनी झाल्या. मैथिली त्यांच्या गळ्यात पडून रडली. अमनाने त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, "मबरूक, मबरूक" म्हणत. अमनाचा करार महिनाअखेरीस संपत होता.

दोनच दिवसांनी हेविटनी सभा बोलावली. तिन्ही हॉस्पिटलचे लोक येणार होते, मालकांकडचे दोघे येणार होते. केक मागवला होता. कुंदाताईंना निरोप आला, की त्यांनी चार शब्द बोलावेत. पन्नाशी ओलांडलेली भारतीय बाई मनावर घेतलं तर पास होऊ शकते, म्हणजे परीक्षेत काही खोट नाही, हे आता सगळ्यांना कळेल, असं हेविट स्वतः त्यांना म्हणाले.

सभेच्या सकाळी मी त्यांना लिनन ठेवायच्या खोलीत गाठलं. "ताई, आज फक्त थँक यू म्हणा. मैथिलीची परीक्षा तोंडावर आलीय. ती होऊन जाऊ द्या, मग काय भांडायचं ते भांडा."

"मग अमना असणार आहे का इथं?"

"ताई, प्लीज."

त्यांनी साडीचा पदर कोटाच्या आत नीट खोचला. "मला भीती वाटत नाही असं वाटतंय का तुला? सकाळपासनं तीनदा उलटी झालीय." आणि त्या दार उघडून गेल्या.

हॉल भरला होता. अमना शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. हेविटनी कुंदाताईंचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. कुंदाताई उभ्या राहिल्या. त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी लहान झाला होता. माझ्या मागचे लोक पुढे वाकले. इंग्रजीत, एकेक वाक्य जुळवत त्या बोलल्या.

"मी पास झाले, मला आनंद झाला. माझी मुलगी तिची परीक्षा इथंच देईल. क्लेअर आणि नीलानं मला शिकवलं, त्यांचे आभार." त्या थांबल्या. मला वाटलं, झालं. मी श्वास सोडला.

"सर म्हणाले, मी पुरावा आहे. म्हणून कशाचा ते सांगते. पहिल्या दोन वेळेला मी माझ्या पेशंटांविषयी उत्तरं दिली. मी नापास झाले. तिसऱ्या वेळेला मी कधीच न पाहिलेल्या माणसांविषयी, एका इंग्रज बाईसारखी उत्तरं दिली. मी पास झाले. मधल्या काळात माझं काम चांगलंही झालं नाही आणि वाईटही झालं नाही. अमनानं फक्त स्वतःच्या पेशंटांविषयी उत्तरं दिली. तिला दुसरं येत नाही. मी पास आणि ती नापास, एवढ्यावर तुम्ही तिला पाठवणार असाल, तर मला तो केक नको."

मालकांकडचा एक जण हेविटकडे पाहू लागला. हेविटच्या मानेवर लाली चढली होती.

"माझी एकच विनंती आहे," कुंदाताई म्हणाल्या. "कुणालाही पाठवा. तुमच्या पसंतीचा माणूस पाठवा. त्यानं आठवडाभर अमनाबरोबर वॉर्डात फिरावं. मग ठरवा."

मग क्लेअर उठली. "मला हे मान्य आहे," एवढंच म्हणाली आणि उभीच राहिली. मीही उठले. कशी उठले ते सांगता येत नाही, नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर होता. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, पण वळून पाहायचं धैर्य मला झालं नाही.

"थँक यू, कुंदा," हेविट म्हणाले. सभा संपली. केक तसाच राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. ऑफिसचा शिपाई पाकीट घेऊन विभागात शिरला की आम्ही सगळ्या त्याच्या हाताकडे पाहायचो. मैथिली परीक्षेला जात होती आणि कुंदाताई तिला सोडून सरळ कामावर येत होत्या. मुलीला त्यांनी सभेचं काही सांगितलं नव्हतं, आणि शारजासारख्या गावात ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी त्यांनी तिला सगळं सांगितलं. मैथिलीनं म्हणे एवढंच विचारलं, "अमना खाला जाणार नाही ना पण?"

अमनाचा करार संपायच्या आदल्या आठवड्यात परिपत्रक आलं. दीर्घ अनुभव असलेल्यांना परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाच्या पाहणीचा पर्याय देण्यात येत आहे, आणि हा विचार व्यवस्थापनाकडे आधीपासूनच चालू होता, असं त्यात लिहिलं होतं. कुंदाताईंचा कुठे उल्लेख नव्हता. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "आधीपासनंच तर आधीपासनं." पाहणीला दुबईहून एक वयस्क आयरिश बाई आल्या. आठवडाभर अमनामागे फिरल्या. जाताना त्यांनी काय लिहून दिलं ते आम्हाला कळलं नाही, पण अमना राहिली. मुसफ्फ्याची ती फिलिपिनो बाईही राहिली. इजिप्शियन गृहस्थ आधीच निघून गेले होते.

परीक्षा बंद झाली नाही. नव्याने येणाऱ्यांना ती द्यावीच लागली. आणि कुंदाताईंचा करार संपला, तेव्हा तो पुढे वाढवला गेला नाही. कारण दिलं होतं, विभागाची पुनर्रचना. पास झालेल्या, चांगल्या गुणांनी परवाना मिळवलेल्या कुंदाताई. तोवर मैथिली पुण्याला इंजिनीअरिंगला गेली होती, एवढाच काय तो दिलासा.

कुंदाताईंना जाऊनही आता काही वर्षं झाली. कोल्हापुरात एका धर्मादाय दवाखान्यात त्या शेवटपर्यंत काम करत होत्या, असं मैथिलीनं कळवलं. पण मला आठवतो तो शारजा विमानतळावरचा निरोप. अमना आणि मी त्यांना सोडायला गेलो होतो. दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या, हमाल सामानाशी ताटकळत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी थँक यू म्हणून बसला असतात, तर आज इथंच असतात."

"असते की," त्या म्हणाल्या. "आणि रोज दुपारी डबा कुणाबरोबर खाल्ला असता?" मग एकदम खेकसल्या, "अगं, दोघींची ड्युटी आहे ना? निघा की आता. यल्ला." आणि मागे न बघता काचेच्या दारातून आत गेल्या.

आम्ही टॅक्सीने थेट हॉस्पिटलला आलो. अमना वाटभर खिडकीबाहेर बघत होती, रुमाल तोंडावर धरून. पोर्चमध्ये उतरतो न उतरतो तोच एक नर्स धावत आली. गॅसच्या भडक्यात भाजलेल्या एका माणसाची बायको आत्ताच गावाहून येऊन पोचली होती आणि त्याच्या खोलीत कुणी तिला जाऊ देत नव्हतं, ती कुणाचं ऐकत नव्हती. "अमना मॅडम, डॉक्टर तुम्हालाच शोधतायत."

अमनाने रुमाल पिशवीत कोंबला, डोक्यावरचं वस्त्र नीट केलं आणि पहिल्यांदाच मी तिला कॉरिडॉरमधून घाईने चालताना पाहिलं.